वर्ष वाया जाते म्हणजे काय?

उन्हाळ्यात शाळांचे निकाल लागतात आणि आपल्या घराघरांतून एक वाक्य ऐकू येऊ लागते : ‘त्याचे वर्ष वाया गेले.’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे बोलतो की त्याच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. पीक वाया जाते तेव्हा हाती धान्य येत नाही. दूध नासले तर ते टाकून द्यावे लागते. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे वर्ष वाया जाते म्हणजे नेमके काय नासते? आणि जो मुलगा काहीही न समजता पुढच्या वर्गात जाऊन बसतो, त्याचे वर्ष मात्र सार्थकी लागले असे आपण कशावरून म्हणतो? या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो आमच्या ओळखीच्या देवास येथील एका कुटुंबामुळे. घर मराठी, पण तीन-चार पिढ्या माळव्यात गेलेल्या. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि माळवी, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. मुलगा नववीत काठावर पास झाला. गणितात आणि विज्ञानात ग्रेसचे गुण देऊन शाळेने त्याला वर चढवले होते. प्रगतिपुस्तक वडिलांच्या हाती देऊन तो म्हणाला, ‘बाबा, मला नववी पुन्हा करायची आहे. मला बीजगणित मुळीच येत नाही.’ वडिलांना काही सुचेना. ते म्हणाले, ‘अरे, नापास झालेली मुले वर घाला म्हणून विनवण्या करतात, आणि तू पास होऊन खाली बसतोस?’ आईला दुसरीच काळजी पडली. ‘धारच्या मामांना काय सांगू?’

धारच्या मामांच्या घरीही त्या वर्षी आनंदीआनंद नव्हता. त्यांची मुलगी दहावीला दोन विषयांत राहिली होती. तिला पुन्हा परीक्षेला बसायचे होते. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे पडले की, पुरे झाले शिक्षण, आता घरकाम शिकू दे. एकदोन वर्षांत स्थळ पाहायचेच आहे.

दोन्ही घरांत वर्षाचाच हिशेब चालला होता. परंतु मुलाचे वर्ष ‘वाया जाईल’ म्हणून त्याला मागे राहू द्यायचे नव्हते, आणि मुलीवर आणखी एक वर्ष ‘वाया घालवायचे’ नव्हते. जुन्या काळी देवास शहरात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये शेजारी शेजारी नांदत होती. गाव एक, पण राजे दोन आणि कारभार दोन. ती राज्ये १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. परंतु मुलासाठी एक कायदा आणि मुलीसाठी दुसरा, अशा दोन पात्या आपल्या कित्येक घरांत अजून नांदत आहेत.

वडिलांचा विरोध अगदीच निराधार होता, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एका वर्षाची फी, पुस्तके, गणवेश, बस यांचा खर्च साध्या नोकरदाराला जड जातो. बरोबरीची मुले पुढे जातात आणि मुलगा लहानांमध्ये एकटा पडतो. शिवाय नुसते तेच वर्ष पुन्हा काढल्याने मूल सुधारतेच, असा अनुभव नाही. जगातील अनेक देशांत या विषयाचा अभ्यास झाला आहे. २०१२ साली प्रगत देशांतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तेव्हा सरासरीने दर ८ विद्यार्थ्यांपैकी १ विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या इयत्तेत मागे राहिलेला आढळला. अशा मुलांवर झालेल्या अभ्यासांतून बहुधा असे दिसले आहे की, तोच वर्ग, तीच पुस्तके आणि तीच शिकवण्याची रीत असेल तर होणारा फायदा फार काळ टिकत नाही. उलट अशी मुले पुढे शाळा सोडून देण्याचा संभव वाढतो.

याच विचाराने आपल्या देशातही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवू नये असे ठरवले. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यामागील हेतू दयाळूपणाचा होता. नापास हा शिक्का कोवळ्या वयात बसू नये आणि गरिबांची मुले शाळेतून गळू नयेत, हे कोणाला पटणार नाही? तथापि वर चढवण्याबरोबर मागे राहिलेले शिकवून घेण्याची जी जबाबदारी होती, ती पुष्कळ ठिकाणी कोणीच उचलली नाही. परिणामी पाचवीत न समजलेले अपूर्णांक सहावीत गेले, सहावीतून आठवीत गेले आणि नववीत बीजगणिताच्या रूपाने पुढे उभे राहिले. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा सरकारांना मिळाली. मधल्या काळात करोनाची साथ आली. २०२१ साली मध्य प्रदेशात दहावी-बारावीच्या नेहमीच्या परीक्षा झाल्याच नाहीत आणि सर्व मुले उत्तीर्ण ठरली. दोष मुलांचा नव्हता. परंतु गुणपत्रिका आणि ज्ञान या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या वर्षाने सर्वांना दाखवून दिले.

म्हणून देवासच्या मुलाचे बोलणे आम्हांला महत्त्वाचे वाटते. गुणपत्रिका म्हणत होती ‘येते’, आणि मुलगा म्हणत होता ‘येत नाही’. खोटे बोलू नये असे आपण मुलांना शिकवतो. मग मूल स्वतःविषयी खरे सांगते, तेव्हा त्याला गप्प बसवणे हे कोणते शिक्षण? त्या मुलाने आळसाने मागणी केली असती तर गोष्ट वेगळी. येथे तर त्याने स्वतःच्या नावावर पडलेले, पण स्वतःचे नसलेले गुण परत करू म्हटले होते.

देवासच्या लोकांना कुमार गंधर्वांचे नाव सांगावयास नको. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा मुलगा अगदी लहान वयात मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गाणी हुबेहूब गाऊन दाखवी आणि सभा जिंकी. टाळ्या हेच प्रमाणपत्र मानले असते तर तो केव्हाच पास झालेला होता. तरीदेखील तो मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे शिष्य म्हणून राहिला आणि जे नुसते उचलले होते ते समजून घेत गेला. पुढे ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. १९४८ साली हवेसाठी म्हणून ते देवासला आले आणि सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. लोकांच्या भाषेत पाच वर्षे वाया गेली. त्या वर्षांत अंथरुणावर पडून ते माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकत होते. त्या धुनांतून पुढे त्यांनी नवे राग निर्माण केले. आजार हा काही त्यांनी निवडलेला नव्हता, आणि प्रत्येक मूल कुमार गंधर्व होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्या वर्षांतील आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. पत्नी भानुमतीबाई त्यांची शुश्रूषा करीत होत्या. थांबलेल्या माणसाचे वर्ष फळाला येते, तेव्हा त्याच्या शेजारी बहुधा कोणीतरी राबत असते.

येथे शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला आठवतो. तीन वर्षे फळ आले नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. हा दाखला शब्बाथशाळेत शिकवताना आपण मालकाच्या सहनशीलतेवर आणि झाडाच्या जबाबदारीवर बोलतो. माळ्याने काय कबूल केले, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. तो नुसती मुदत मागत नाही. झाडाभोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे काम तो आपल्या अंगावर घेतो. वर्ष झाडाला मिळाले, पण कष्ट माळ्याचे ठरले. आणि एवढे करूनही फळ येईलच, अशी हमी त्याने दिलेली नाही.

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म हेच आहे. वर्ष पुन्हा करणे ही नामुष्की नव्हे, तसे ते औषधही नव्हे. त्या वर्षात काही बदलणार असेल तरच ते योग्य. आणि तो बदल घडवण्याचा पुष्कळसा भार मोठ्यांवर असतो. एकट्या मुलावर तो टाकून चालत नाही. ‘घे, दिले तुला वर्ष, आता पास हो’ असे म्हणणारा बाप माळी नव्हे. तो मुदत वाढवून देणारा सावकार झाला.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी घरात बसून काही प्रश्न शांतपणे विचारावेत. पहिला : मुलाला जे येत नाही ते यायला हवे आहे, की नुसती टक्केवारी वाढवून हवी आहे? दुसरा : या वर्षी गेल्या वर्षापेक्षा काय वेगळे होणार? कोण शिकवणार, कोठून सुरुवात करणार, मोबाईल केव्हा बाजूला ठेवणार? तिसरा : पूर्ण वर्ष न घालवता हेच साधेल असा दुसरा रस्ता आहे काय? मध्य प्रदेशात २०१६ साली ‘रुक जाना नहीं’ ही योजना अनुत्तीर्ण मुलांना त्याच वर्षी पुन्हा संधी मिळावी म्हणून सुरू झाली, आणि २०२५ पासून मंडळाने पूरक परीक्षेच्या जागी दुसरी परीक्षा आणली. मुक्त विद्यालयाची वाट आहे. हाताने काम करण्याची आवड असलेल्या मुलाला आयटीआय आहे. धार जिल्ह्यात पिथमपूरसारखी मोठी औद्योगिक वसाहत आहे. ही वाट कमी प्रतीची समजणे हाही एक अहंकारच होय. आणि चौथा प्रश्न : मुलाच्या जागी मुलगी असती तर आपण हाच निर्णय घेतला असता काय?

या प्रश्नांची उत्तरे मुलाच्या तोंडून यावीत. अखेरचा शब्द आईवडिलांचा असेल, कारण खर्च त्यांचा आणि जबाबदारी त्यांची. पण त्याआधीचे सारे ऐकून घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे. देवासच्या त्या वडिलांनी दुसरा प्रश्न मुलाला विचारला, तेव्हा त्याच्यापाशी उत्तर तयार होते. सातवीच्या पुस्तकापासून सुरुवात करायची, आणि निवृत्त शिक्षिका असलेल्या आत्याकडे रोज संध्याकाळी बसायचे. वडिलांनी शाळेला अर्ज लिहून दिला. एवढेच नव्हे, तर धारला जाऊन मेव्हण्यांनाही चौथा प्रश्न त्यांनीच विचारला. मुलीचा दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरला गेला. दोघांचे पुढे काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही. माळ्यालाही ते ठाऊक नव्हते.

आता थोडे आपल्या मंडळीविषयी. आपल्याकडे शाळा सुरू होण्याच्या सुमारास गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. सत्कार जरूर व्हावा. परंतु त्या रविवारी कोणती मुले उपासनेला आली नाहीत, हे कोणी पाहते काय? उपासना संपल्यावर अंगणात आपण मुलांना पहिला प्रश्न विचारतो, ‘किती टक्के पडले?’ ज्याला चांगले पडले त्याला तो गोड लागतो. दुसरा मुलगा पुढच्या रविवारी पोटदुखीचे निमित्त सांगतो. धारच्या मामांना काय सांगू, ही त्या आईची भीती कोठून आली? ती आपणच पेरली आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विशेष विनंती आहे. पुष्कळ ठिकाणी शब्बाथशाळेचे वर्ग शाळेच्या इयत्तेप्रमाणे पाडलेले असतात. त्यामुळे जो मुलगा शाळेत एक वर्ष मागे राहतो तो येथेही आपसूक खालच्या वर्गात जातो आणि त्याचे मित्र वरच्या वर्गात. शाळेला तसे करणे भाग आहे, आपल्याला नाही. वर्ग वयाप्रमाणे ठेवावेत आणि त्याला त्याच्या सोबत्यांतच बसू द्यावे. शक्य असेल तर मंडळीतील निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी चर्चच्या खोलीत गणित आणि इंग्रजी शिकवावे, आणि तेथे पुढे गेलेली व मागे राहिलेली अशी दोन्ही मुले बोलवावीत, म्हणजे कोणावर शिक्का बसणार नाही. खडू, फळा आणि दोन तास वेळ, एवढाच काय तो खर्च.

निकालाचे दिवस दरवर्षी येणारच. या वर्षी कोणी ‘वर्ष वाया गेले’ असे आपल्यापाशी म्हटले, तर त्याला इतकेच विचारावे, ‘पुढच्या वर्षी त्याच्याबरोबर कोण बसणार आहे?’ कोणी नसेल, तर आपल्याला वेळ आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे.