शिडी आणि शेत

माणूस ‘वर चढला’ म्हणजे नेमके काय झाले? हा प्रश्न आम्हा मास्तरमंडळींच्या जिव्हाळ्याचा. ‘शीक, म्हणजे वर जाशील’ हे वाक्य आम्ही वर्गात नित्य उच्चारतो.

होसे हर्नांडेझ यांचेच उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियात शेतमजुरी करणाऱ्या मेक्सिकन कुटुंबात १९६२ साली त्यांचा जन्म झाला. पिकामागे बिऱ्हाड फिरे आणि बिऱ्हाडामागे पोरांची शाळा! दुसऱ्या इयत्तेच्या बाईंनी घरी जाऊन आईबापांना विनवले, एका गावी स्थिर राहा. त्यांनी ते ऐकले. बाराव्या वर्षापर्यंत ज्याला धड इंग्रजी येत नव्हते, तो मुलगा इंजिनियर झाला. ‘नासा’चे अकरा नकार पचवून २००९ साली अंतराळात जाऊन आला. शिक्षकाची छाती फुगावी अशीच ही हकिगत!

पण मग मनात येते, शेतात राहिले त्यांचे काय? त्यांनी का अंग चोरले होते? १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन मजुरांशी चाळीस लाखांहून अधिक करार झाले. इतक्यांना पुरेल एवढी शिडी कोठून आणणार? आणि सगळेच चढून गेले, तरी भाजी खुडायला दुसरे कोणी येणारच.

तेथील मळ्यांत मजुरांच्या हाती आखूड दांड्याची कुदळ असे. दिवसभर कंबरेत वाकायचे. मालक म्हणत, याने काम नाजूक होते. मुकादमाची सोय वेगळीच होती: जो ताठ उभा दिसला, तो कामचुकार! अखेर मजुरांनी दाद मागितली, आपल्या मोडलेल्या पाठींची साक्ष दिली आणि १९७५ साली कॅलिफोर्नियात त्या कुदळीवर बंदी आली.

त्या बंदीने कोणी इंजिनियर झाला नाही. मजूर मजूरच राहिला. पण तो उभा राहून काम करू लागला. यालाही वर चढणे म्हणावे की नाही? मी म्हणेन, अवश्य म्हणावे.

कोणी म्हणेल, ते लोक आपखुशीने आले. संधी होती म्हणूनच ना? संधी होती, हे खरे. पण संधी एखाद्याला शेताबाहेर नेते; न्याय शेतापर्यंत चालत यावा लागतो. त्या बाईंनी एका मुलाला शिडी दिली, कुदळीविरुद्ध उभे राहिलेल्यांनी शेतच थोडे उंच केले. दोन्ही कामे थोर. मात्र पहिल्याचे गोडवे गाताना दुसऱ्याचा विसर पडू नये.

म्हणून वाचकहो, घरातल्या लेकरांना ‘शीक आणि वर जा’ असे जरूर सांगा. त्याला इतकेच जोडा: वर गेलास की खाली वाकलेली पाठ कोणाची आहे, तेही पाहा.