औषध नेमकं कुणासाठी?

पाच वर्षांचं मूल एका जागी बसत नाही, रांगेत उभं राहत नाही, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही. किंडरगार्टनमधून आठवड्यात तिसरी चिठ्ठी येते. मग डॉक्टर, प्रश्नावल्या, आणि शेवटी ‘एडीएचडी’ हे नाव. पाठोपाठ औषधाचा विषय निघतो. एरवी ताप आला की टायलेनॉल द्यायला क्षणभरही न थांबणारे आईवडील इथे मात्र अडखळतात. हे अडखळणं मला योग्य वाटतं.

मोठा माणूस स्वतःच्या मनासाठी गोळी घेतो तेव्हा निर्णय त्याचा आणि परिणामही त्याचाच. इथे निर्णय आपला. भूक, झोप आणि मन मात्र मुलाचं. शिवाय त्याच्या चंचलपणाचा त्रास कधी कधी त्याच्यापेक्षा आपल्याला आणि शाळेलाच जास्त होतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की हे औषध नेमकं कुणासाठी?

ही औषधं काही कालपरवाची नाहीत. ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी 1937 साली मुलांवर बेन्झेड्रिनचा परिणाम नोंदवला. रिटालिनला अमेरिकेत 1955 मध्ये परवानगी मिळाली. शाळकरी वयाच्या अनेक मुलांना या औषधांनी लक्ष देणं सोपं जातं, यात शंका नाही. पण भूक मंदावणं, झोप उडणं, वजन-उंचीची वाढ थोडी मागे पडणं हेही तितकंच खरं. त्यातून वय जितकं लहान, तितका हिशेब बदलतो. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. त्यात औषधाचा गुण मोठ्या मुलांच्या मानाने कमी आणि त्रास जास्त दिसला.

म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने 2019 च्या मार्गदर्शनात चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी क्रम सांगितला आहे: आधी पालकांचं प्रशिक्षण, त्याने पुरेसा फरक पडला नाही आणि त्रास बराच असेल, तरच औषधाचा विचार. प्रशिक्षण पालकांचं, हे लक्षात घ्या! सूचना छोट्या आणि स्पष्ट कशा द्यायच्या, चांगल्या वागण्याची दखल लगेच कशी घ्यायची, रोजचं वेळापत्रक कसं पाळायचं, हे आपण शिकायचं. पहिला डोस आपल्याला आहे आणि तो गोळीपेक्षा कडू आहे, कारण त्यासाठी वेळ आणि धीर लागतो.

आणखी एक गोष्ट विचार करायला लावते. ज्या राज्यांत शाळाप्रवेशाची तारीख 1 सप्टेंबर आहे, तिथल्या मुलांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सर्वांत लहान, तर सप्टेंबरची सर्वांत मोठी. ऑगस्टच्या मुलांमध्ये एडीएचडीचं निदान 34 टक्के अधिक आढळलं. म्हणजे कधी कधी आपण ज्याला आजार म्हणतो, ते नुसतं लहान असणं असू शकतं. डॉक्टरांना मुलाची जन्मतारीख आणि वर्गातली इतर मुलं यांच्याबद्दल विचारायला संकोच का करावा?

पण या विचाराची दुसरी बाजूही आहे, आणि आपल्या समाजात ती सहसा बोलली जात नाही. ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’, ‘मोठा झाला की होईल शांत’, ‘बाळकृष्ण तरी कुठे कमी खोडकर होता!’ असं म्हणून आपण प्रश्न टाळतो. भारतातल्या आजी-आजोबांना कळू नये म्हणून डॉक्टरांची भेटसुद्धा लपवतो. इकडे ते मूल दिवसभर ‘नको’, ‘थांब’, ‘पुरे’ एवढंच ऐकतं. वाढदिवसाची बोलावणी बंद होतात. आपण वाईट आहोत, असं त्याला हळूहळू वाटू लागतं. सगळे प्रयत्न करूनही हे थांबत नसेल, तर केवळ लोकलज्जेपोटी औषध नाकारणं हाही मुलावर लादलेला निर्णयच आहे. तेव्हाही विचारावं लागतं, हा नकार कुणासाठी?

भागवतात यशोदा कृष्णाला उखळाला बांधायला जाते, तेव्हा दोरी दर वेळी दोन बोटं कमी पडते. आई दमली आहे हे पाहून शेवटी तो स्वतःच बांधून घेतो. आईचं दमणं त्या कथेतही खरं आहे आणि त्यात पाप नाही. पण आपलं मूल आपलं दमणं ओळखून स्वतःहून शांत बसेल, ही अपेक्षा पाच वर्षांच्या जीवाकडून करता येत नाही. दमलेल्या आईला आधार इतर मोठ्यांनीच द्यायला हवा. आपल्या मंदिरात आरतीच्या वेळी एखादं मूल धावत सुटलं की आपण मागे वळून त्याच्या आईकडे पाहतो. त्याऐवजी कुणी उठून त्याला पाच मिनिटं अंगणात फिरवून आणलं, तर त्या घराला केवढी मदत होईल!

द्यावं की देऊ नये, याचं एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. ते त्या मुलाला ओळखणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसून, घाई न करता शोधायचं असतं आणि दिलं तरी दर थोड्या महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. कसोटी मात्र एक आहे. वीस वर्षांनी तेच मूल विचारेल, ‘तुम्ही असं का ठरवलंत?’ तेव्हा ‘शाळेने सांगितलं म्हणून’ किंवा ‘लोक काय म्हणतील म्हणून’ हे उत्तर पुरणार नाही. ‘तुला काय होत होतं ते आम्ही नीट पाहिलं, आम्हाला जमेल ते आधी केलं, आणि मग तुझ्यासाठी ठरवलं’ एवढं खरेपणाने सांगता आलं, तर निर्णय कोणताही असो, मुलाला तो समजेल.