शाळा बुडवणारे आईबाप

पूर्वी शाळा मुलं बुडवायची. आईबाप त्यांचा कान धरून त्यांना वर्गाच्या दारात आणून सोडायचे. आता आईबापच शाळा बुडवतात आणि मुलाला सोबत नेतात. मग कान धरायचा कुणाचा? आज तुमचाच धरते.

ताप आला होता म्हणे मुलाला. अर्जात तसं ठसठशीत अक्षरात लिहिलंय. खाली वडिलांची सही. सोबत डॉक्टरांचा कागद : व्हायरल, आठ दिवस विश्रांती. आणि त्याच आठवड्यात आईच्या स्टेटसला काय? चिरंजीव गुलमर्गला, गोंडोला रोपवेच्या खिडकीतून हात हलवताहेत. तापलेल्या पोराला बर्फात लोळवायचं हे कुठलं औषध? वर्गाच्या ग्रुपवर बाईंचाही नंबर आहे, एवढंही लक्षात राहिलं नाही? खोटं बोलायचं ठरवलंत, तर तेही धड जमलं नाही.

तुम्ही अडाणी असतात तर मी जवळ बसवून समजावलं असतं. पण तुम्ही दोघंही शिकलेले, नोकरीत नाव मिळवलेले. विमानाचे भाव तुम्ही महिनाभर रोज बघत होतात. हॉटेलांबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचलंत. पहलगामला किती रात्री, श्रीनगरला किती, याचा एक्सेलमध्ये तक्ता केलात. एवढं सगळं जमलं. मग शाळेनं जूनमध्ये दिलेली डायरी उघडून सुट्ट्यांचं पान बघायचं तेवढं जमलं नाही? जमलं होतं. बघितलंही होतं. बघून डायरी मिटून ठेवलीत. तुम्ही गुलमर्गला गेलात असं लोकांना वाटतं. गेलात ते वेड पांघरून पेडगावला.

मी गणित शिकवते, म्हणून हिशेब मांडते. आपल्या राज्यातल्या माध्यमिक शाळांना रविवार सोडून वर्षाला ७६ सुट्ट्या असतात. त्यात वर्षाचे ५२ रविवार मिळवा. झाले १२८ दिवस. वर्षाच्या एक तृतीयांशाहून जास्त. मे महिना आहे, दिवाळी आहे, गणपती आहेत, नाताळ आहे. मे महिन्यात आपल्याकडे अंगाची लाही होते, तेव्हाच काश्मीर, हिमाचल, सिक्कीममध्ये हवा छान असते. दिवाळीनंतर राजस्थान, हंपी. नाताळात केरळ. लांब जायचं नसेल तर अजिंठा-वेरूळ आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवारी दोन्ही उघडी. लेण्यांनासुद्धा शाळेचं वेळापत्रक कळतं. तुम्हाला कळत नाही? १२८ दिवस समोर पसरलेले असताना तुम्हाला १२९वा हवा होता.

“बाई, सुट्टीत तिकिटं दुपटीनं महाग असतात हो.”

असतात. हे तुमचं एकच कारण मला पटलं, कारण ते खरं आहे. मग अर्जात हेच का लिहिलं नाहीत? ‘जानेवारीत विमान स्वस्त मिळालं, सबब मुलगा आठ दिवस वर्गात येणार नाही.’ लिहायचं होतं बिनधास्त! पेन का अडलं? लिहिताना लाज वाटली असती म्हणून? जे कारण लिहायची लाज वाटते, ते कारण पुरेसं नाही हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.

आता नफा किती झाला ते बघू. तुम्ही पैसे वाचवत होतात त्या आठवड्यात मी सहावीच्या वर्गात काय शिकवत होते, ठाऊक आहे? नफा-तोटा. चारशेला घेतलेली वस्तू पाचशेला विकली, तर नफा शंभर रुपये. शेकडा नफा किती? नफा खरेदीच्या किमतीवर काढायचा असतो, म्हणून उत्तर २५. दरवर्षी निम्मा वर्ग आधी २० म्हणतो. पाचशेवर काढतो ना! मग आम्ही वाद घालतो. कुणी दुकानदार होतं, कुणी गिऱ्हाईक. दोन-तीन दिवसांनी एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि मग तो आयुष्यभर विझत नाही. तुमच्या मुलाला मी काल विचारलं. तो अजून २० म्हणतो. वही मात्र पूर्ण आहे. मित्राची उतरवून काढलेली, सुवाच्य. वादाची नक्कल वहीत उतरत नाही.

आणि गणित काही तिथं थांबलेलं नाही. नफा-तोट्याच्या मागे शेकडेवारी, पुढे सरळव्याज. मधली कडी सुटली की पुढे मूल पाठ करत जातं. परीक्षेपुरतं. मग आठवीत तुम्हीच माझ्यासमोर येऊन उभे राहता : “गणितात याचं डोकंच चालत नाही, बाई.” डोकं चालतं हो त्याचं. तुम्ही त्याला ऐन वेळी उचलून नेलंत, आणि आता खापर त्याच्याच डोक्यावर फोडताय.

“पाच-आठ दिवसांनी काय बिघडतं?”

काही बिघडत नसेल, तर परत आल्याच्या रात्री अकरा वाजता ग्रुपवर कशाला विचारलंत, ‘या आठवड्यात काय काय झालं, कुणी फोटो टाकाल का प्लीज’? आणि दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून, “बाई, याला थोडं वेगळं घ्याल ना?” वर्गात पन्नास मुलं आहेत. तुमची सहल संपली. आता तिचा भार मी आणि ती पन्नास मुलं उचलायची?

“ट्यूशन आहेच की.”

मग शाळेत नाव कशाला घातलंत? दाखल्यापुरतं?

“आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना?”

जुनं पंचांग वाचताय. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा परीक्षा. तिथंही नापास झालं तर त्याच वर्गात मुक्काम. आणि दहावीच्या बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. दांडीची सवय दहावीत अचानक सुटणार आहे का? सहावीत लावलेली सवय दहावीत फळ देते. आणि बघा, नापास होण्याची भीती नसेल तर शाळेत जायचं कशाला, असाच तुमच्या प्रश्नाचा अर्थ झाला ना? हे तुम्ही मोठ्यानं बोललात. तेही मुलासमोर.

“प्रवासातून मुलं जास्त शिकतात.” हे तर तुमचं ठेवणीतलं वाक्य. ऐकायला किती छान! मी म्हटलं, बघू या. विचारलं त्याला, गुलमर्ग कुठल्या डोंगररांगेत येतं? माहीत नाही. पीर पंजाल. झेलम कुठून निघते? माहीत नाही. वेरीनागच्या झऱ्यातून. श्रीनगरमध्ये त्याच नदीच्या काठाकाठानं फिरलात तुम्ही. मग आठवतंय काय? “हॉटेलचं वायफाय फास्ट होतं, बाई.” गोंडोलाच्या रांगेत तो काय करत होता? गेम खेळत होता. प्रवासातून मुलं शिकतात, अगदी खरं. पण कुणीतरी बोट धरून दाखवावं लागतं. तुम्ही दाखवलंत? तुम्ही फोटो काढत होतात.

“साहेबांनी रजा तेव्हाच दिली.” बरं. ती कशी मिळाली? आधी अर्ज केलात. मंजुरी घेतलीत. काम कुणाकडे सोपवायचं ते ठरवलंत. निघण्याआधी सगळं लेखी कळवलंत. साहेबाला आजारपणाचं सोंग दाखवलंत का? नाही. तिथं पकडलं गेलं तर नोकरी जाते. शाळेत पकडलं गेलं तर काय जातं? बाईंसमोर जरा कसनुसं हसायचं, झालं. जिथं किंमत मोजावी लागते तिथं तुम्ही सरळ वागता. जिथं नुसता भरवसा असतो तिथं वाकडं. हा हिशेब तुम्हाला बरोबर जमतो.

तुमचं कुणी इंग्लंडात असेल तर विचारा त्यांना. तिथं शाळेची परवानगी नसताना मुलाला सहलीला नेलं, तर दंडाची नोटीस घरी येऊ शकते. २०२४ च्या ऑगस्टपासून ८० पौंड. प्रत्येक मुलामागे, आई-बाप दोघांनाही वेगवेगळे. २१ दिवसांत भरले नाहीत तर १६०. एक बाप मुलीला शाळा चालू असताना सात दिवस फ्लोरिडाला घेऊन गेला आणि दंडाविरुद्ध भांडत राहिला. प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१७ साली निकाल लागला, त्याच्या विरुद्ध. तिकडे राहणारे आपले मराठी लोक मुकाट्यानं शाळेच्या सुट्टीत महाग तिकीट काढतात आणि मेमध्ये आजीला भेटायला येता येत नाही म्हणून हळहळतात. इथं दंड नाही. म्हणून लगेच मोकळं रान?

इतक्या लांब कशाला, बीड जिल्ह्यात जाऊन बघा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोनं कोयता घ्यायचा आणि पुढचे पाच-सहा महिने फडात काढायचे. मूल सोबत गेलं की त्याची शाळा तुटते. म्हणून कुणी आजीच्या गळ्यात घालतं, कुणी हंगामी वसतिगृहात ठेवतं. पोराची शाळा बुडू नये म्हणून पोरालाच महिनोन्‌महिने लांब ठेवणारी ती आई. तिचं पोट हातावर आहे, तरी तिला शाळेची किंमत कळते. तुमचं पोट भरलेलं आहे. तिच्या दारात जाऊन सांगाल का, की आमची शाळा बुडाली कारण विमान स्वस्त होतं?

कायदाही जरा वाचा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क आहे. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस वर्ग भरलाच पाहिजे, असं त्यात शाळेला बजावलंय. एक दिवस वर्ग भरला नाही तर तुम्हीच मुख्याध्यापकांच्या दालनात जाऊन टेबल वाजवता. चोराच्या उलट्या बोंबा! हक्क मुलाचा आहे. तुम्ही तो त्याला न विचारता तिकिटाच्या सवलतीत घालवलात.

पण गणित भरून काढता येतं. एका रविवारी त्याला घेऊन बसलं की झालं. खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला जास्त टोचते. परत आल्यावर मी वर्गात त्याला विचारलं, “बरं वाटतंय का आता?” त्यानं वर बघितलं नाही. “हो बाई.” मागच्या बाकावर खुसखुस झाली. सगळ्या वर्गाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. अकरा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर खोटं बोलायला कुणी उभं केलं? तुम्ही. निघताना काय सांगितलं होतंत? “बाईंनी विचारलं तर ताप होता म्हण.” बूट घालता घालता. सहज.

त्या एका वाक्यात तो काय शिकला? नियम बाकीच्यांसाठी असतात. सही करायला वडील असतात, कागद द्यायला डॉक्टर असतो. खोटं बोलणं वाईट नाही, सापडणं वाईट. हा धडा मात्र त्याला एका दमात पाठ झाला. नफा-तोट्याचा वर्ग बुडाला, पण याचा तास तुम्ही घरी घेतलात. उद्या तो क्लासला जातो सांगून भलतीकडे जाईल, तेव्हा ‘आमच्याशी खोटं बोललास?’ म्हणून त्याच्यावर कुठल्या तोंडानं ओरडाल? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि अडचणी मला कळत नाहीत असं समजू नका. आजी अत्यवस्थ असते. सख्ख्या मावशीचं लग्न असतं. कुणाचा बाप सीमेवर असतो आणि त्याला रजा मिळते तीच नेमकी परीक्षेच्या तोंडावर. अशा घरच्या माणसांनी येऊन सरळ सांगितलं, तर आजवर मी कुणाला अडवलेलं नाही. उलट म्हटलंय, न्या पोराला, चार दिवस बापाजवळ राहू दे, अभ्यासाचं मी बघते. त्यांनी विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत. कारण मी ‘नको’ म्हणेन आणि ते बरोबर असेल, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

आता नीट ऐका. डायरीतलं सुट्ट्यांचं पान फाडा आणि फ्रिजवर लावा. पुढची सहल त्या पानावरून ठरवा. महाग पडली तर दोन दिवस कमी करा. तेही परवडत नसेल तर जवळ जा. या रविवारी टीव्ही बंद ठेवून तुम्ही स्वतः त्याला नफा-तोटा शिकवा. चारशेची वस्तू पाचशेला. त्याला २५ का, ते समजेपर्यंत उठायचं नाही. गोंडोलाचं तिकीट शोधता आलं, तर हेही येईल. आणि त्याला समोर बसवून सांगा, की अर्जात लिहिलं ते खोटं होतं, तुला तसं बोलायला लावलं ते चुकलं. जीभ अडखळेल. अडखळू दे.

मग नवा अर्ज लिहा, खऱ्या कारणाचा, आणि सोमवारी त्याच्याच हातानं माझ्याकडे पाठवा. उशिरा आलेला अर्ज मी घेईन. खोटा पुन्हा घेणार नाही.