काट्यावरचं वजन, कमरेचा घेर

वजन उतरवायला इंजेक्शन घेणं म्हणजे मनानं हरणं, असं यंदा परभणीतल्या एका व्याख्यानात ऐकलं. ज्याला जीभ आवरत नाही तोच सुई टोचून घेतो, असं वक्ते म्हणाले आणि जोरात टाळ्या पडल्या. माझा राग त्या वाक्यावर आहे आणि त्या टाळ्यांवरही. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घेणाऱ्याला आपण हरलेला म्हणत नाही. थायरॉईडच्या गोळीवर असलेल्या बाईला कुणी संयमाचे धडे देत नाही. शंभर किलोच्या माणसानं औषध मागितलं, की आधी त्याला लाज वाटायला लावायची आणि मग जमलं तर मदत करायची, ही आपली रीत आहे.

2021 मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारे दोन हजार जण त्यात होते. कमी खा, चाला, व्यायाम करा हा सल्ला सगळ्यांना सारखाच मिळत होता. काहींना आठवड्याला औषधाचं इंजेक्शन होतं, काहींना औषध नसलेलं, नुसतं पाण्यासारखं. 68 आठवड्यांनी औषधवाल्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, दुसऱ्यांचं 2.4 टक्के. त्या दुसऱ्या गटातले सगळे आळशी होते का? आतडं जेवणानंतर मेंदूला जो निरोप धाडतं, त्याची नक्कल हे औषध करतं आणि तो निरोप बराच काळ टिकवतं. भूक लागणं, पोट भरल्याची जाणीव होणं यात संप्रेरकांचा हिशेब असतो. तो हिशेब प्रत्येकाच्या अंगात सारखा नसतो. औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत येतं, हे वक्त्यांनी विजयानं सांगितलं. येतं, खरंच येतं. रक्तदाबाची गोळी बंद केली तर रक्तदाबही परत चढतो. जुनाट आजार असाच असतो.

मराठवाड्यात या विषयावर नैतिक सूर लागतो त्याला अलीकडचा एक इतिहास आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनदाच जेवायची पद्धत घरोघरी पोचवली. दोन जेवणं, प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत, आणि 45 मिनिटं चालणं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं खा म्हणत होत्या, त्यावरून लग्नाच्या पंगतीतसुद्धा तट पडले. दीक्षितांचं मोठं काम असं, की ज्याच्या खिशात रुपया नाही त्यालाही त्यांनी एक उपाय दिला. तो पाळून अनेकांची शुगर आटोक्यात आली, हे मी जवळून पाहिलंय. ज्यांना तो झेपला नाही त्यांच्या वाट्याला मात्र भोवतालच्यांनी दिलेली हिणवणूक आली, आणि आजच्या टाळ्या त्यातूनच आल्या आहेत.

औषधाबद्दलची भीती मला समजते. वजन उतरवणाऱ्या औषधांचा पूर्वेतिहास वाईट आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉलनं माणसं आतून तापून दगावली. आपल्याकडे रिमोनाबंट 2009 मध्ये आणि सिबुट्रामीन 2011 मध्ये बंद करावं लागलं. एकानं मनावर घाला घातला, दुसऱ्यानं हृदयावर. नव्या औषधांची तपासणी त्यांच्यापेक्षा कितीतरी कसून झाली आहे. हृदयविकार असलेल्या, जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ माणसांत सेमाग्लुटाइडनं झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून धोका 20 टक्क्यांनी कमी केला, हे 2023 मध्ये दिसलं.

इथवर मी औषधाच्या बाजूनं बोललो. पण परभणी जिल्ह्यातली माणसं डोळ्यांसमोर आणली की एवढ्यावर थांबता येत नाही, आणि त्याचं कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आहेत.

याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायका आणि त्यांची मुलं पिढीभर तपासली. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं हातापायांनी काटकुळी, पोटातले अवयव लहान. पण खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरलेली चरबी जवळपास त्या गोऱ्या बाळांइतकीच. आईच्या पोटात अन्न कमी पडलं तेव्हा शरीरानं स्नायू सोडले आणि चरबी राखली. पुढे 2004 मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. दोघंही काट्यावर सारखेच निरोगी दिसत होते.

खेड्यांतल्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्या गरोदर बायका शेतात राबत होत्या, लांबून पाणी आणत होत्या, त्यांची बाळं लहान होती. ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळं, दूध होतं, त्यांची बाळं मोठी होती. म्हणजे आज पन्नाशीला पोचलेल्या माणसाच्या मधुमेहाची सुरुवात त्याच्या आईच्या डोक्यावरच्या हंड्यापाशी शोधावी लागते. 1972 चा दुष्काळ आठवा. मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढत, खडी फोडत, ज्यांनी गर्भ वाढवले, त्यांच्या मुलांनी आज पन्नाशी ओलांडली आहे. नेदरलँड्सच्या 1944-45 च्या उपासमारीत जे गर्भात होते त्यांच्यात पुढे साखर पचवण्याची ताकद कमी आढळली. आपल्या दुष्काळाच्या लेकरांनाही याच नजरेनं तपासायला हवं.

माझ्या ओळखीतले एक एसटीचे चालक आहेत. उंची 165 सेंटिमीटर, वजन 62 किलो. बीएमआय 22.8, म्हणजे भारतीयांसाठी कडक केलेल्या 23 च्या रेषेच्याही आत. मनगट दोन बोटांत मावतं. शर्ट वर केला की पट्ट्यावर सांडलेलं पोट दिसतं. टेप लावली तर 96 सेंटिमीटर, पुरुषांची मर्यादा 90. उपाशीपोटी शुगर 180. वजनासाठीचं हे औषध बीएमआय 30 च्या पुढे, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर 27 च्या पुढे सुचवतात. काट्याच्या हिशेबात या माणसाला वजनाचा प्रश्नच नाही. आणि त्याला उद्या कुणी नुसतं ‘वजन कमी कर’ म्हणून हे इंजेक्शन दिलं, तर? उतरणाऱ्या वजनात पाव ते चाळीस टक्के वाटा चरबीखेरीज इतर भागाचा, त्यात स्नायूही आला. जन्मापासून ज्याच्याकडे स्नायूंची तंगी, त्याच्याकडून आणखी काढून घ्यायचं!

दुसरीकडे एका मेडिकलच्या काउंटरवर मी एका आईला विचारताना ऐकलं, की मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, ते वजनाचं इंजेक्शन मिळेल का. मुलगी शेजारी खाली मान घालून उभी होती, अंगानं बेताची. चिठ्ठी नव्हती. दुकानदारानं नकार दिला, पण कारण किमतीचं सांगितलं. मार्च 2025 मध्ये मौंजारो हे याच प्रकारचं इंजेक्शन आलं, जूनमध्ये वेगोव्ही, म्हणजे वजनासाठीचं सेमाग्लुटाइड. सुरुवातीच्या डोसचा महिन्याचा खर्च तेव्हा 14 हजारांपासून साडेसतरा हजारांपर्यंत होता. 2025 मध्ये किंमत हाच परभणीतला पहारा होता. तो फार दिवस टिकणारा नव्हता. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच होतं आणि देशी कंपन्या तयारीत होत्या. औषध स्वस्त व्हावं असंच मला वाटतं. ज्याच्या गुडघ्यांना आणि हृदयाला त्याची गरज आहे, त्यानं जमीन गहाण टाकू नये. पण स्वस्त झालेलं इंजेक्शन पहिल्यांदा त्या लग्नाच्या मुलीपर्यंत पोचेल. मळमळ, उलट्या, पित्ताचे खडे, क्वचित स्वादुपिंडाची सूज, हे कुणी तिला सांगितलेलं नसेल.

म्हणून माझं मागणं साधं आहे आणि ते परभणीच्या नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडे आहे. ओपीडीत काट्याशेजारी टेप ठेवा. तिशीनंतरच्या प्रत्येकाची कंबर मोजा: मर्यादा पुरुषांची 90 सेंटिमीटर, बायकांची 80. हाताच्या पकडीची ताकद तपासा. मेटफॉर्मिनवर वर्षानुवर्षं असलेल्यांचं बी-12 बघा; ते औषध बी-12 कमी करतं आणि आपल्याकडे ते आधीच कमी असतं. ज्याला इंजेक्शन द्यायचं त्याला डाळ, अंडी, दूध किती खायचं आणि कुठला जोर लावणारा व्यायाम करायचा, हे त्याच चिठ्ठीवर लिहून द्या, आणि दर तीन महिन्यांनी बोलवा. औषध कधी थांबवायचं, थांबवल्यावर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी सांगा. परभणीतल्या आपल्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत 2018 मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी दिली. ती गरोदर बायकांच्या भाकरीत अंगणवाडीमार्फत पोचवा. आणि त्या बाईच्या डोक्यावरचा हंडा शेवटच्या तीन महिन्यांत तरी दुसऱ्या कुणी उचलावा, यासाठी गावात नळ आणा.