तीन भाषांतील एक लेख

शास्त्रपाठ : योहान १९:१९-२२, प्रेषितांची कृत्ये २:१-१३, इफिसकरांस २:११-२२



प्रभूच्या वधस्तंभावर पिलाताने जो लेख लावला, तो तीन भाषांत होता, ही नोंद योहानाने आवर्जून केली आहे. इब्री ही प्रार्थनेची भाषा, लॅटिन राज्यकर्त्यांची आणि ग्रीक, म्हणजे आपल्या मराठी शास्त्रातील 'हेल्लेणी', ही विद्वानांची व बाजारपेठेची. या तीन भाषा बोलणारे लोक एकमेकांच्या पंक्तीला बसत नव्हते. तरी प्रभूच्या मस्तकावर त्या एका फळीवर एकत्र आल्या. लिहिणाऱ्याचा हेतू उपहासाचा असेल, पण लेख खरा होता आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला तो आपापल्या भाषेत वाचता येत होता.

ही फळी मनात ठेवून आज आपण बेल्जियममधील एका जुन्या कॅथोलिक विद्यापीठाच्या इमारती पाहू या. पोप पाचवे मार्टिन यांच्या ९ डिसेंबर १४२५ च्या आज्ञापत्राने ते स्थापन झाले. ज्या गावात ते आहे त्याला डच भाषेत ल्यूव्हेन म्हणतात व फ्रेंच भाषेत लुव्हँ. एका गावाची ही दोन नावे लक्षात ठेवावी. आपल्याला जे शिकायचे आहे, त्याचे मूळ तेथेच आहे.

कापडबाजारातील विद्यापीठ

पहिली वास्तू विद्यापीठ-सभागृहाची. १३१७ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले ते कापड-व्यापाऱ्यांसाठी. विणकरांचा धंदा खालावला आणि १४३२ पासून तिथे विद्यापीठाचे वर्ग भरू लागले. ज्या दालनांत कापडाचे गठ्ठे रचले जात, तिथे पुढे ग्रंथ आले. फ्रेंच राजवटीने १७९७ मध्ये हे जुने विद्यापीठ बंद केले. बेल्जियमच्या बिशपांनी १८३४ मध्ये मेखेलेन येथे कॅथोलिक विद्यापीठ पुन्हा उभे केले आणि पुढच्या वर्षी ते ल्यूव्हेनला आणले. आज या सभागृहात कुलगुरूंचे कार्यालय आहे. तिथल्या ग्रंथालयाचे काय झाले, ते पुढे येईल.

तीन भाषांचे महाविद्यालय

इथून थोड्याच अंतरावर, जुन्या मासळीबाजाराजवळ, एका अरुंद बोळात दुसरी वास्तू आहे. तिचा थोडाच भाग आता शिल्लक आहे आणि प्रवासी सहसा तिकडे वळत नाहीत. पवित्र शास्त्राच्या भाषांतरकाराला मात्र इथे पायांतील वहाणा काढाव्याशा वाटतील. जेरोम बुसलायडेन हे धर्मगुरू १५१७ मध्ये निवर्तले. त्यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या द्रव्यातून इथे त्रिभाषा महाविद्यालय सुरू झाले. इब्री, ग्रीक आणि लॅटिन या भाषा इथे शिकवल्या जात आणि येईल त्याला विनामूल्य शिकवल्या जात. वधस्तंभावरच्या फळीवरील त्याच तीन भाषा!

या कार्यामागे इरॅस्मस यांची प्रेरणा होती. १५१६ मध्ये त्यांनी ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला होता. शास्त्र समजायचे असेल तर ते ज्या भाषांत लिहिले गेले त्या भाषांच्या दारी गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सर्वांना तो रुचला नाही. ल्यूव्हेनचेच एक धर्मपंडित लाटोमुस यांनी १५१९ मध्ये या तीन भाषांच्या आग्रहाविरुद्ध पुस्तक लिहिले. पुढे इंग्रजीत शास्त्र आणणारे विल्यम टिंडेल पकडले गेले, तेव्हा त्यांची चौकशी करणाऱ्यांत हेच लाटोमुस होते. १५३६ मध्ये ल्यूव्हेनपासून फार दूर नसलेल्या व्हिल्व्होर्ड येथे टिंडेल यांना गळा आवळून मारण्यात आले व त्यांचा देह जाळण्यात आला.

आणि तरीही याच ल्यूव्हेनमध्ये, विद्यापीठाच्या धर्मपंडितांच्या संमतीने, १५४८ मध्ये डच भाषेत आणि १५५० मध्ये फ्रेंच भाषेत बायबल छापले गेले. दोन वर्षांच्या अंतराने एकाच गावाने शेजारच्या दोन्ही भाषांना देवाचे वचन दिले. वाचकहो, या दोन भाषांचीही नावे ध्यानात असू द्या.

ज्या कठड्यावर लेख नाही

आता आपण मोठ्या चौकात आलो. समोर उंच मनोऱ्याचे विद्यापीठ-ग्रंथालय आहे. ते जुने भासते, पण त्याचे उद्घाटन ४ जुलै १९२८ रोजी झाले.

त्याची कथा १९१४ पासून सुरू होते. त्या वर्षी २५ ऑगस्टच्या रात्री जर्मन सैन्याने ल्यूव्हेनला आगी लावल्या. दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले. आपण पहिल्याने पाहिलेल्या सभागृहातील ग्रंथालय भस्मसात झाले. सुमारे ३ लाख ग्रंथ आणि शेकडो हस्तलिखिते नष्ट झाली. युद्धानंतर अमेरिकेतील शाळा, महाविद्यालये व सामान्य नागरिक यांनी वर्गणी केली आणि व्हिटनी वॉरन या वास्तुशास्त्रज्ञाने हे नवे ग्रंथालय बांधले. देणगीदार संस्थांची नावे आजही त्याच्या दगडांवर वाचता येतात.

वॉरन यांना दर्शनी कठड्यावर एक लॅटिन वाक्य कोरायचे होते. जर्मनांच्या क्रोधाने ही वास्तू पडली व अमेरिकेच्या दानाने ती पुन्हा उभी राहिली, असा त्याचा आशय होता. त्यात खोटे काहीच नव्हते. पण कुलगुरू लाद्यूझ यांनी नकार दिला. युद्ध संपून दहा वर्षे झाली होती. राष्ट्रे समेटाचा मार्ग शोधीत होती. ज्ञानमंदिराच्या कपाळावर वैर कायमचे कोरून ठेवावे, हे त्यांना योग्य वाटले नाही. त्यावरून मोठे वादळ उठले. रागावलेल्या पक्षातील एकाने बिनलेखाचा कठडा फोडला. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर कठडा कोराच राहिला. आज त्या चौकाला लाद्यूझ यांचेच नाव आहे.

विचार करा, आपल्या मंडळ्यांत, आपल्या घरांत असे किती खरे लेख आपण कोरून ठेवले आहेत! अमक्याने तमक्या साली आमच्या कुटुंबाला काय केले, अमक्या समाजाच्या लोकांनी आमच्या वडिलांना मंडळीत कुठे बसवले, याचे शब्द आपल्याला तोंडपाठ असतात. ते खरे असतात, म्हणूनच पुसणे कठीण असते.

क्षमा केल्याने पुढची आग टळेल, अशी हमी मात्र शास्त्र देत नाही. मे १९४० मध्ये हे ग्रंथालय पुन्हा जळाले. या वेळी सुमारे ९ लाख ग्रंथ गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पुन्हा जुन्या आराखड्याप्रमाणे उभारले गेले. कोऱ्या कठड्याने इमारत वाचली नाही. त्याने लाद्यूझ यांचा विद्यापीठाला असलेला उपदेश तेवढा वाचवला.

आगीने जे झाले नाही ते

दोन महायुद्धांच्या अग्नीतून हे विद्यापीठ अखंड बाहेर आले. त्याचे दोन तुकडे झाले ते शांततेच्या काळात, आपल्याच माणसांच्या हातून आणि भाषेच्या कारणाने.

यात एका पक्षाला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ल्यूव्हेन डच भाषकांच्या मुलखातील गाव. तिथे शेतकऱ्याची, विणकराची, मोलकरणीची भाषा डच होती. विद्यापीठात मात्र दीर्घकाळ फ्रेंचचे राज्य होते. आपल्याच गावात आपली भाषा विद्येला अपात्र ठरावी, हे दुःख खरे होते. मे १९६६ मध्ये बेल्जियमच्या बिशपांनी विद्यापीठ एकच राहील असा निर्णय जाहीर केला. पण दुःख ऐकून न घेता दिलेला एकतेचा आदेश लोकांच्या मनाला पोचला नाही. रस्त्यांवर मोर्चे निघाले. फ्रेंच भाषकांनी चालते व्हावे, अशा घोषणा झाल्या. १९६८ मध्ये या प्रश्नावर देशाचे सरकार पडले आणि विद्यापीठाची फाळणी ठरली. फ्रेंच विभागासाठी सुमारे २५ किलोमीटरवर, फ्रेंच भाषकांच्या प्रदेशात, एक नवे गावच वसवण्यात आले. १९७१ मध्ये त्याची कोनशिला बसली. त्याचे नाव लुव्हँ-ला-न्यूव्ह, म्हणजे नवे लुव्हँ.

ग्रंथालयाचीही वाटणी झाली. पुष्कळ ग्रंथ तर त्यांच्या कपाटातील क्रमांकावरून वाटले गेले: सम क्रमांक एकीकडे, विषम दुसरीकडे. बंदुकीच्या धाकाशिवाय, शिस्तीने, यादी करून. भाऊ विभक्त होताना भांडी मोजावी तशी.

त्याच दशकात, १९६२ मध्ये, विद्यापीठाने गावाच्या दक्षिणेकडील जुनी बेगीन-वस्ती विकत घेतली होती, हेही सांगितले पाहिजे. तेराव्या शतकापासून तिथे बेगीन नावाच्या स्त्रिया आजन्म व्रतांच्या बंधनाशिवाय प्रार्थना व कष्ट करीत एकत्र राहत. पडायला आलेली ती विटांची घरे विद्यापीठाने एकेक करून दुरुस्त केली. आज तिथे विद्यार्थी व परदेशी अभ्यासक राहतात, आणि १९९८ पासून ती जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. एकीकडे जुन्या भिंती प्रेमाने सांधल्या जात होत्या, दुसरीकडे घरात नवी भिंत उठत होती.

त्याच वेदनेचे दुसरे फळ

फाळणीच्या बऱ्याच आधी, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, एक डच भाषक तरुण ल्यूव्हेनला अभियांत्रिकी शिकत होता. मातृभाषेच्या अवहेलनेची कळ त्यालाही लागली होती. भाषेच्या चळवळीत तोही होता. पुढे तो येशूसंघात दाखल झाला आणि १९३५ मध्ये भारतात आला. इथे सुशिक्षित माणसे आपल्याच भाषेची लाज बाळगतात, हे पाहून त्याला आपले ल्यूव्हेन आठवले. मग त्याने या देशाची भाषा आपली मानली. हेच फादर कामिल बुल्के. रामकथेवरील त्यांचा प्रबंध, त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश आणि नव्या कराराचा त्यांचा हिंदी अनुवाद उत्तर भारतात राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या परिचयाचे असतील. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

वेदना एकच, तिची फळे दोन. एका फळात शेजाऱ्याला गावाबाहेर काढण्याची घोषणा होती. दुसऱ्यात परक्याच्या भाषेला देवाचे वचन मिळाले. स्वभाषेवर खरे प्रेम करणाऱ्याला दुसऱ्याच्या भाषेची किंमत अधिक कळायला हवी, ही फादर बुल्के यांच्या जीवनाची साक्ष आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत पेंटेकॉस्टच्या वर्णनात लूक 'डायलेक्टोस' हा ग्रीक शब्द वापरतो. भिन्न देशांतून आलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपल्या जन्मभाषेत, घरच्या बोलीत ऐकली. पवित्र आत्म्याने सर्वांना एका भाषेत कोंबले नाही. बोलण्याचे कष्ट त्याने शिष्यांवर टाकले. ऐकणाऱ्याला आपल्या आईची भाषा सोडावी लागली नाही.

आता आपल्याकडे वळू या. आपण मराठी ख्रिस्ती दिल्लीत, बंगळूरात, भोपाळात, हैदराबादेत विखुरलेले आहोत. महिन्यातून एक उपासना मराठीत मिळावी म्हणून आपण अर्ज करतो, आणि ती मिळाली की डोळे भरून येतात. ही ओढ पवित्र आहे. तिची लाज बाळगू नये. पण मुंबईत किंवा पुण्यात, जिथे मंदिराची किल्ली आपल्या हाती आहे, तिथे झारखंडहून कामासाठी आलेल्या मुली सादरी भाषेत भजनासाठी एक तास मागतात, तेव्हा आपण काय उत्तर देतो? तमिळ कुटुंबाला आपण कोणत्या बाकावर जागा देतो? आपण जे परगावी मागतो, ते स्वतःच्या गावी देतो काय?

२०२४ च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस यांनी सहाशे वर्षांच्या सोहळ्यानिमित्त ल्यूव्हेन आणि लुव्हँ-ला-न्यूव्ह या दोन्ही ठिकाणी भेट दिली. २०२५ हे वर्ष दोन्ही विद्यापीठांनी एकाच जन्मदिवसाचे म्हणून साजरे केले. वाटलेले ग्रंथ पुन्हा एका कपाटात आले नाहीत. तरी दोघांची आई एकच, हे दोघांनी मान्य केले. आरंभाला एवढे पुरे आहे.

इफिसकरांस लिहिताना पौल सांगतो की ख्रिस्ताने मधली भिंत आपल्या देहाने पाडली आणि परक्यांना घरचे केले. येत्या रविवारी मंदिरात जाल तेव्हा आपल्या भाषेत नीट न बोलता येणाऱ्या एका माणसाजवळ जाऊन बसा. त्याचे नाव विचारा, आणि त्याच्या भाषेत 'देव' या शब्दाला काय म्हणतात, तेही विचारा. तो शब्द शिकून घरी या.

तीन भाषांच्या फळीखाली ज्याने प्राण दिला, तो प्रभू आपल्या जिभा व आपली दारे उघडो. आमेन.