भाड्याची सायकल

मोटारींच्या शर्यतीस जाणाऱ्या प्रेक्षकाने आपली सायकल बरोबर न्यावी की तेथे पोचल्यावर भाड्याने घ्यावी, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. तो सोयीचा प्रश्न आहे, खर्चाचा आहे. फार तर ब्रेकव्हॅनमध्ये सामान चढविणाऱ्या हमालाच्या स्वभावाचा आहे. तथापि जबलपूरच्या उत्तरेस, अधारतालाच्या पुढे कटनीच्या वाटेवर असलेल्या आमच्या महाराजपुरात बदलीच्या नोकरीने येऊन पडलेली जी चार मराठी माणसे रविवारी एकत्र बसतात, त्यांना हा प्रश्न दोन रविवार पुरला, आणि तिसऱ्या रविवारी तो आमच्याच अंगावर आला. म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो. आमचे बहुतेक वाचकही आमच्यासारखेच परमुलखात सरकारी छपराखाली राहणारे असल्यामुळे त्यांना तो अगदीच परका वाटू नये.

निमित्त साधे होते. आमच्यातील एका गृहस्थांचा पुतण्या युरोपात नोकरीस आहे. फ्रान्समधील ल माँ येथे जून महिन्यात होणारी चोवीस तासांची शर्यत पाहण्यासाठी तो मित्रांसह तंबू घेऊन जाणार होता. त्याने काकांस सहज लिहिले, की सायकल येथून न्यावी की तेथे भाड्याने घ्यावी, याचा निर्णय होत नाही. काकांनी तो प्रश्न बैठकीत टाकला.

मोटारींच्या जत्रेत सायकल हवी कशाला, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ल माँ हे पॅरिसच्या नैऋत्येस सुमारे २०० किलोमीटरवरचे गाव. शर्यत १९२३ पासूनची. महायुद्ध व त्यानंतरची काही वर्षे सोडली तर ती बहुधा दरवर्षी झाली आहे. तिचा मार्ग १३.६२६ किलोमीटर लांबीचा असून त्याचा मोठा भाग म्हणजे एरवी भाजीपाल्याच्या गाड्या जातात तो साधा सार्वजनिक रस्ताच आहे. लोक मार्गालगतच्या मैदानांत तंबू ठोकून राहतात. शर्यत रात्रभर चालते. कोणास आर्नाजच्या वळणावर मोटारी मंदावताना पाहावयाच्या असतात, तर कोणास पहाटे म्यूलसानच्या बाजूस जावयाचे असते. ही अंतरे पायी जाण्याची नव्हेत, आणि प्रेक्षकाची मोटार तर तंबूशेजारी गर्दीत अडकून पडलेली. २००७ साली गावातून शर्यतीच्या मैदानाकडे ट्राम सुरू झाली. पण वळणावळणावर जाण्यास ट्राम काय कामाची? तेव्हा ताशी तीनशेच्या वर किलोमीटर वेगाने धावणारी यंत्रे पाहण्यासाठी माणूस स्वतःच्या पायांनी पेडल मारीत हिंडतो. यात विसंगती पाहून हसू येते खरे, परंतु सायकल ही मोटारीची आईच आहे. हवेची धाव १८८८ मध्ये डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केली, मोटारीसाठी नव्हे. प्यूजो मोटारी करण्यापूर्वी सायकली करीत होता. चोवीस तास धावण्याची कल्पनासुद्धा पॅरिसमध्ये १८९४ पासून सायकलस्वारांच्या ‘बोल दॉर’ शर्यतीत रूढ झालेली होती. आईला लेकीच्या लग्नात मागच्या दाराने वावरावे लागते, तसे सायकलीचे झाले आहे इतकेच.

पहिल्या रविवारी आमचे मत सरळ दोन तट पाडून गेले. एक तट म्हणाला, आपली ती आपली. तिची उंची आपल्या पायांस बसलेली, तिचा डावा ब्रेक किती दाबला म्हणजे लागतो हे बोटांना ठाऊक. परक्या सायकलीवर रात्री गर्दीत जाणे हे परक्या घोड्यावर बसण्यासारखे. दुसरा तट म्हणाला, तंबूच्या मैदानात आपली सायकल म्हणजे जिवाला घोर. शर्यत पाहावी की कुलूप पाहावे? शिवाय भाडे देणे म्हणजे त्या गावच्या माणसाच्या पदरी चार पैसे टाकणे. एका सद्गृहस्थांनी तर भाड्याच्या पक्षाला योगशास्त्राचा आधार दिला. यमांत अपरिग्रह सांगितला आहे. ज्याच्याजवळ सायकल नाही त्यास सायकलीची आसक्तीही नाही, असा त्यांचा युक्तिवाद. हा आम्हांस पटला नाही. पावसाळ्यापूर्वी तेल घालणे, गंज पुसणे, जागा अडविणे, ही मालकीची सारी पीडा दुकानदाराने सोसावयाची आणि आपण फक्त स्वार व्हावयाचे, यास सोय म्हणावे. अपरिग्रह म्हणू नये. दुकानदारास त्याचे पैसे मिळतात, तेव्हा सोय घेण्यात पापही नाही. पण व्रताचे नाव सोयीला देऊ नये.

येथे एक तिसरा मार्ग पुतण्याच्याच पत्रातून निघाला. त्याचा एक मित्र म्हणत होता, की जुन्या बाजारात मिळेल ती स्वस्त सायकल विकत घ्यावी, तीन दिवस वापरावी आणि तेथेच सोडून द्यावी. भाड्यापेक्षा हे स्वस्त पडते. हा विचार त्या एकट्याचा नाही. अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात ‘बर्निंग मॅन’ नावाची जत्रा भरते, तेथे २०१७ साली मागे टाकून दिलेल्या सायकलींची संख्या हजारांच्या घरात गेली होती. यांतील प्रत्येक सायकल कोणाच्या तरी मालकीची होती. मालकी असली म्हणजे माणूस वस्तूला जपतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठातले वाक्य त्या वाळवंटात गंजत पडले आहे असे म्हणावे लागते. आणि नेवाडापर्यंत जाण्याची तरी काय गरज? कोकणातील आपल्या घरास कुलूप लावून तीस वर्षे नोकरीनिमित्त हिंडणाऱ्यांपैकी किती जणांच्या घराचे वासे आज शाबूत आहेत? तेच गृहस्थ सरकारी बंगल्याच्या कुंपणाला दरवर्षी चुना लावून घेत असतात.

तेव्हा आपले आणि परके या भेदाने प्रश्न सुटत नाही. दुसऱ्या रविवारी आमच्यातील एक निवृत्त न्यायाधीश कायदा घेऊन बसले. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात परक्याची वस्तू हाती आली म्हणजे काय करावे याचे एक प्रकरण आहे. त्याचे १५१ वे कलम सांगते, की साधारण शहाणपणाचा माणूस तशाच स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी परक्या वस्तूची घेतली पाहिजे. मग ती वस्तू भाड्याने आणलेली असो वा फुकट मागून आणलेली असो. आमच्या जुन्या धर्मशास्त्रानेही ठेव म्हणून ठेवलेली वस्तू आणि मागून आणलेली वस्तू यांना याज्ञवल्क्यस्मृतीत एकच नियम लावला आहे. १५४ व्या कलमाखालचे उदाहरण तर आमच्या मंडळींना फारच आवडले. एकाने कलकत्त्यात घोडा भाड्याने घेतला तो काशीस जाण्यासाठी. नेला मात्र कटकेस. वाटेत त्याने घोडा उत्तम सांभाळला, पण घोडा अपघाताने पडून जखमी झाला. भरपाई घोडा नेणाऱ्यानेच द्यावयाची, कारण ठरले एक आणि केले दुसरे. आर्नाजपर्यंत म्हणून घेतलेली सायकल डबलसीट म्यूलसानपर्यंत नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु कायद्याच्या पलीकडे उरते ते काय? पुण्यात तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने गल्लोगल्ली होती, त्या काळी दुकानदार वहीत नाव आणि वेळ मांडून घेई. नवख्यास ओळखीच्या माणसाचे नाव सांगावे लागे. सायकल परत आली म्हणजे तो पुढचे चाक उचलून फिरवी, हवा दाबून पाही आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाही. हे शेवटचे पाहणे सर्वांत महत्त्वाचे होते. २०१७ च्या डिसेंबरात पुण्यात नव्या तऱ्हेच्या सार्वजनिक सायकली आल्या. खिशातल्या फोनने कुलूप उघडावे, काम झाले की वाटेत सोडावी. त्यांतील कित्येकांची कुलुपे फोडली गेली, भाग मोडले गेले, आणि ती हौस फार काळ टिकली नाही. ॲम्स्टरडॅममध्ये १९६५ साली काही तरुणांनी पांढऱ्या रंगाने रंगविलेल्या सायकली सर्वांसाठी फुकट रस्त्यावर ठेवल्या होत्या. तेथे तर पोलिसांनीच त्या उचलून नेल्या, कारण कुलूप न लावता सायकल ठेवणे हाच गुन्हा होता! तोंडाकडे पाहणारा दुकानदार नाहीसा झाला की वस्तूची दुर्दशा होते, असा निष्कर्ष आमच्या बहुमताने काढला. त्याला आमची हरकत एवढीच, की मग आमची नीती म्हणजे केवळ दुकानदाराची नजर ठरते.

आणि त्या नजरेलाही सर्व दिसत नाही. खरा प्रश्न येथे आहे. वाकलेले चाक दिसते, फाटलेले आसन दिसते. त्यांची भरपाई अनामत रकमेतून होते आणि हिशेब मिटतो. पण खड्ड्यात आदळून पुढच्या कांबीला गेलेला केसाएवढा तडा, उतारावर एकदाच निसटलेला ब्रेक, हे फक्त स्वारास ठाऊक असते. वस्तू देणाऱ्याने आपल्याला माहीत असलेला दोष घेणाऱ्यास सांगितला पाहिजे, असे १५० वे कलम म्हणते. भाड्याने देणाऱ्यावर तर न कळलेल्या दोषाचीही जबाबदारी टाकते. परत करणाऱ्याने न दिसणारा दोष आपण होऊन सांगावा असे कलम मात्र त्या प्रकरणात नाही. वस्तू वेळेवर परत केली, काळजी घेतली, पैसे दिले, की तो सुटला. पुढच्या गिऱ्हाइकाचे काय व्हावयाचे ते होवो.

हे बोलणे चालले असता आमच्यातील एक अधिकारी, ज्यांची त्याच आठवड्यात बदलीची आज्ञा आली होती, बराच वेळ गप्प होते. मग ते म्हणाले, “कार्यभार सोपविण्याच्या कागदावर मी उद्या सही करणार आहे. कपाटे, किल्ल्या, रोख शिल्लक, शिक्के, सर्व त्यात आहे. तडा त्यात नाही.”

बैठक तेथे थबकली. बदलीच्या नोकरीत प्रत्येक खुर्ची ही भाड्याची सायकल आहे. तीन वर्षे बसावयाचे आणि उठावयाचे. मराठी माणसाच्या राज्यकारभाराच्या इतिहासात याचा एक लज्जास्पद अध्याय आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती इजाऱ्याने देण्याचा प्रघात बोकाळला. जो जास्त बोली करील त्यास वर्षापुरता मुलूख मिळे. पुढच्या वर्षी मुलूख आपल्याकडे राहील याची खात्री नसल्यामुळे इजारदार विहिरी, बैल, बियाणे यांचा विचार न करता रयतेकडून निघेल तेवढे काढी. काशीस न्यावयाचा घोडा त्याने कटकेच्याही पुढे पिटाळला. १८१७ पर्यंत जबलपूरही नागपूरकर भोसल्यांकडेच होते, हे येथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी विसरू नये. इंग्रजांनी आणि नंतर आपल्या सरकारने इजारदाराच्या जागी पगारी अधिकारी आणला. त्याला लुटण्याचे कारण उरले नाही. पण जपण्याचे कारण तरी दिले का? वेतन दोघांनाही सारखेच मिळते, तडा सांगणाऱ्यास आणि न सांगणाऱ्यास.

त्या अधिकाऱ्यांची अडचण अशी होती. त्यांच्या ताब्यातील एका साठवणघराचे बांधकाम वरून धड दिसत असले तरी एका भिंतीत ओल उतरते, हे त्यांना दोन पावसाळ्यांपासून ठाऊक होते. वर कळविल्यास आजवर का कळविले नाही हा प्रश्न येणार. न कळविल्यास नवा माणूस भर आषाढात धान्यासह त्यात सापडणार. शिवाय हाताखालच्या एका वृद्ध लेखनिकाच्या नोंदी अलीकडे भरवशाच्या उरल्या नव्हत्या. त्याची निवृत्ती अवघ्या आठ महिन्यांवर आली होती.

निवृत्त न्यायाधीशांचे मत, दोन्ही लिहावे. त्यांच्या दृष्टीने भिंत आणि लेखनिक हे दोन्ही पुढील स्वाराखाली मोडू शकणारे भाग. आमचे मत निराळे पडले. भिंतीचे लिहावे, वरून काय यावयाचे ते येवो. कारण भिंत आपला बचाव मांडू शकत नाही आणि सुधारूही शकत नाही. लेखनिकाचे कागदावर लिहिणे म्हणजे आठ महिन्यांसाठी त्याच्या कपाळावर शिक्का मारून त्यास परक्याच्या हाती देणे. त्याच्याविषयी नव्या माणसास समक्ष सांगावे, आणि तेही लेखनिकास आधी सांगून. यावर न्यायाधीश म्हणाले, की समक्ष सांगितलेले उद्या नाकारता येते. आम्ही म्हणालो, की म्हणूनच ते माणसाविषयी सांगण्यास योग्य. या मुद्द्यावर आमचे अजूनही एकमत झालेले नाही आणि वाचकांपैकी कोणी अधिक अनुभवी असतील त्यांनी लिहावे.

अधिकाऱ्यांनी कागदास एक पुरवणी जोडली. तीत भिंत होती. पुतण्यास आम्ही सर्वानुमते भाड्याने घेण्यास कळविले, आणि काकांनी पत्राच्या शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली, की सायकल परत करताना दुकानदारास त्याच्या भाषेत सांगता येतील एवढे फ्रेंच शब्द, ब्रेक, साखळी, कांब आणि तडा यांचे, निघण्यापूर्वी पाठ करून ठेवावेत.