तारा, किल्ली आणि ऊस

मॉरिशसच्या राजचिन्हात मधोमध ढाल आहे आणि ती दोघांनी दोन बाजूंनी सावरली आहे. एकीकडे डोडो, दुसरीकडे शिंगांचं हरीण. बुटका, जाडजूड, उडता न येणारा डोडो राजदरबारी थाटात उभा असलेला पाहून आधी हसूच येतं. पण ब्रिटनच्या सातव्या एडवर्ड राजाने हे चिन्ह १९०६ साली बहाल केलं, तेव्हा डोडो पृथ्वीवरून नाहीसा होऊन दोनशेहून अधिक वर्षं उलटली होती.

१५९८ साली डच खलाशी या बेटावर उतरले. तोवर तिथे माणसाची वस्तीच नव्हती, त्यामुळे माणसाला भ्यायचं असतं हे डोडोला ठाऊक नव्हतं. खलाशांनी तो मारून खाल्ला हे खरंच. पण जहाजांबरोबर आलेल्या उंदीर, डुकरं आणि माकडांनी त्याची जमिनीवरची अंडी फस्त केली, तो घाव जास्त खोल होता. १६६२ सालची नोंद बहुतेक जण शेवटची मानतात. काही जण ती आणखी वीस-पंचवीस वर्षं पुढे नेतात. समोरचं हरीणही डचांनीच १६३९ साली जावाहून आणलेलं. चिन्हाच्या वर्णनात त्याला सांबर म्हटलंय, ते ढोबळच म्हणायचं. दोघांच्या अंगाशी उसाचं एकेक कांड उभं आहे, आणि ऊसही जावाचाच. म्हणजे मूळचा रहिवासी गेला, आणि बाहेरून आलेल्यांनी बेट व्यापलं. चिन्हावर मात्र सगळे शेजारी शेजारी उभे.

ढालीवर चार घरं आहेत. वर सोनेरी गलबत आणि ताडाची तीन झाडं. खाली लाल किल्ली आणि पांढरा तारा. त्याखाली लॅटिन ब्रीद: हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली. कुलूप कुठलं, हे सांगायची गरज नाही. आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजांना पोर्ट लुई हे मोक्याचं बंदर होतं. डचांनंतर बेट फ्रेंचांकडे गेलं होतं; तिथला फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने याने १७४६ साली इथूनच आरमार नेऊन मद्रास जिंकलं. इंग्रज ते विसरले नाहीत; १८१० साली त्यांनी बेटच घेतलं. पुढे १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि जहाजांची वाट बदलली. राजाने किल्ली चिन्हावर कोरून दिली, तोवर कुलूप दुसऱ्याच किल्लीने उघडू लागलं होतं.

माझी नजर अडते ती उसावर. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले रत्नागिरी-साताऱ्याकडचे आपले लोकही होते. आज तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, ती त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांमुळे. १९०६ साली हे मजूर मळ्यांत राबतच होते. चिन्हावर ऊस आला. तो लावणारा, तोडणारा, वाहणारा हात काही आला नाही. राज्यकर्त्याला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, याची इतकी सरळ कबुली दप्तरातल्या कागदांतही क्वचितच सापडेल.

१९६८ साली देश स्वतंत्र झाला, १९९२ साली प्रजासत्ताक झाला. झेंडा नवा आला, राजचिन्ह मात्र जुनंच राहिलं. काहींना हे गुलामीचं ओझं वाटेल. मला वाटतं, त्यांनी ते ठेवलं हे बरंच केलं. पुसून टाकलं असतं तर गलबत, किल्ली आणि ऊस यांचा हिशेब मांडायला जागाच उरली नसती. आणि तो हिशेब त्यांनी आपल्या पद्धतीने पुरा केलाही आहे. तिथलं चलनही रुपयाच. एक रुपयाच्या नाण्यावर ही ढाल आहे. नाणं उलटलं की पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम दिसतात. त्यांचे वडील बिहारहून याच बेटावर मजूर म्हणून आले होते.